पाव मिलिमीटरची पकड

दंतवैद्यकात ‘रिटेनर’ हा शब्द दोन कामांसाठी वापरला जातो. तारा लावून सरळ केलेले दात नव्या जागी टिकून राहावेत म्हणून तोंडात घालावी लागणारी पट्टी हा एक रिटेनर. आणि काहीच दात पडलेले असताना बसवलेली, काढता-घालता येणारी कवळी उरलेल्या दातांना ज्या तारेने किंवा धातूच्या बाहूने धरून राहते, तो दुसरा. या दुसऱ्याला प्रयोगशाळेत क्लॅस्प म्हणतात. रुग्ण मात्र त्याला हूक किंवा नुसती ‘तार’ म्हणतात. दोन्हींची घडण वेगळी, वापरणाऱ्यांचे वय बहुधा वेगळे आणि त्यांना तोंडात राहावे लागण्याचे कारणही वेगळे असले, तरी ते बनवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने दोघांचा धर्म एकच आहे : रिटेनरने धरायचे असते, ढकलायचे नसते. दातांच्या प्रयोगशाळेत काही वर्षे काढल्यावर तंत्रज्ञाला उमगते ते हेच, की घट्ट बसणारा हूक आणि चांगला हूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला जमायला महिना लागत असेल तर दुसरा जमायला वर्षे लागतात.

दाताचा आकार समजून घेतल्याशिवाय ही पकड समजत नाही. दाढ सरळ भिंतीसारखी नसते. चावण्याच्या पृष्ठभागाकडून हिरडीकडे येताना ती आधी फुगत जाते, एका उंचीवर सर्वांत रुंद होते आणि तिथून हिरडीपाशी पुन्हा आत वळते. या फुगवट्याच्या पलीकडे, हिरडीच्या बाजूला जो आत गेलेला भाग राहतो त्याला अंडरकट म्हणतात. हुकाचे टोक या भागात जाऊन बसते आणि कवळी सुटू पाहते तेव्हा त्या टोकाला फुगवटा ओलांडून बाहेर यावे लागते. ओलांडताना तार ताणली जाते, आणि तो ताण म्हणजेच पकड. कासाराकडे बांगड्या भरताना जे घडते ते याच्या अगदी जवळचे आहे. बांगडी हाताच्या सर्वांत रुंद भागावरून, म्हणजे बोटांच्या मुळांशी असलेल्या हाडांवरून पुढे सरकली की मनगटावर मोकळी फिरते, तिथे ती कशालाही दाबत नाही आणि तरीही आपोआप निघून येत नाही. फरक इतकाच, की काच वाकत नाही म्हणून कासार हात दाबून लहान करतो, तर तोंडात दात लहान होणार नसतो म्हणून वाकण्याचे काम तारेला करावे लागते. मनगटात रुतणारी बांगडी जशी चुकीच्या मापाची, तसाच जागेवर बसल्यावरही दाताला दाबत राहणारा हूक चुकीचा. नीट बसलेल्या हुकाने स्वस्थ असताना काहीही करता कामा नये. चिकट घासाने कवळी ओढली जाते तेवढ्या क्षणापुरतेच त्याचे काम सुरू व्हावे.

अंडरकटमध्ये किती आत शिरायचे हे धातूवर ठरते. कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव हुकाला ०.२५ मिलिमीटर पुरेसे असते, सोन्याच्या मिश्रधातूच्या ओतीव हुकाला साधारण त्याच्या दुप्पट चालते, आणि हाताने वाकवलेली लवचीक तार ०.७५ मिलिमीटरपर्यंत आत जाऊ शकते. हे माप घेण्यासाठी सर्व्हेयर नावाचे एक साधेच उपकरण असते, ज्यात एक उभी दांडी वर-खाली सरकते आणि तिच्याखाली हवे तसे तिरपे करता येणाऱ्या टेबलावर रुग्णाच्या जबड्याचे दगडी प्लास्टरचे मॉडेल बसवलेले असते. दांडीत शिसपेन्सिलीतल्यासारखी कांडी लावून ती दाताला टेकवत सभोवार फिरवली की फुगवट्याची रेषा दातावर आपोआप उमटते. हुकाचा खांद्याकडचा दोन तृतीयांश भाग या रेषेच्या चावण्याच्या बाजूला ठेवायचा आणि फक्त शेवटचा, निमुळता होत गेलेला एक तृतीयांश भाग रेषा ओलांडून अंडरकटमध्ये उतरवायचा, हा नियम आहे. टेबल तिरपे केले की रेषा सरकते आणि जिथे अंडरकट नव्हता तिथेही तो दिसू लागतो, या सोयीचा मोह नव्या तंत्रज्ञाला हमखास पडतो; परंतु गूळपोळीचा चिकट घास कवळीला दातांच्या रांगेपासून सरळ ओढतो, टेबलाच्या तिरपेपणाने ओढत नाही, आणि म्हणून सपाट टेबलावर जो अंडरकट नाही तो तोंडातही नाही. अनेक लहान प्रयोगशाळांत सर्व्हेयर नसतोच. तिथे मॉडेल डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून, नजरेनेच फुगवटा ठरवला जातो. मुरलेल्या कारागिराची नजर बरीचशी खरी ठरते हे मान्य केले, तरी पाव मिलिमीटर हे नजरेचे माप नव्हे, आणि हे उपकरण न घेण्यात वाचलेला पैसा शेवटी रुग्णाच्या दाताकडून वसूल होतो.

तार वाकवण्याचे काम दिसायला सोपे असते. दाढेसाठी साधारण ०.९ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार घेऊन तिचे टोक आधी घासून गोल करतात, कारण ते उद्या गालाला लागणार असते. मग ते टोक मॉडेलवरच्या दातावर धरून जिथून वळण सुरू व्हायला हवे तिथे पेन्सिलीची खूण करतात, पकडीने तार त्या खुणेच्या किंचित अलीकडे धरतात आणि वळण मात्र अंगठ्याने देतात. पकड फक्त धरते, वाकवतो तो अंगठा. पकडीनेच पिळून वाकवलेल्या तारेवर तिच्या जबड्याचा चरा उमटतो आणि तोंडात दिवसाला कितीतरी वेळा ताण घेणारी तार पुढे बहुतेकदा त्याच चऱ्यावर तुटते. चुकलेले वळण उलगडून त्याच जागी पुन्हा वाकवले तरी तेच होते, कारण पोलाद प्रत्येक वाकवण्याबरोबर अधिक कठीण आणि अधिक ठिसूळ होत जाते. म्हणून दुसऱ्यांदा चुकलेली तार फेकून देऊन नवा तुकडा कापणे हाच शहाणपणा असतो, जरी शिकाऊ मुलांना तो उधळपट्टीसारखा वाटतो. खूण, वळण, दातावर धरून पाहणे, पुन्हा खूण, असे करत करत तार दाताला अशी चिकटून जाते की मॉडेल उजेडाकडे धरले असता तार आणि दात यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसत नाही. आणि तरीही तर्जनीने तार उचलली असता ती मॉडेलवर ओरखडा न काढता सुटते. प्लास्टरवर ओरखडा उठला तर दातावर दाब पडणार हे ठरलेले.

जाडीचा हिशेब तर फारच कठोर आहे. गोल तारेचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो, म्हणजे लांबी तीच ठेवून तार दुप्पट जाड केली तर ती सोळापट ताठ होते आणि जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली तर आठपट लवचीक. ०.७ मिलिमीटरऐवजी ०.९ मिलिमीटरची तार घेतली की हाताला फरक फारसा जाणवत नाही, दाताला मात्र तोच हूक अडीचपटीहून अधिक ताठ लागतो. ‘हूक वारंवार तुटतो, जाड तार घाला’ अशी दंतवैद्याची चिठ्ठी मॉडेलबरोबर येते तेव्हा हा हिशेब कोणी केलेला नसतो. तुटणे थांबते, पण त्या जागी दात हलू लागतो.

दात दाताला बांधून ठेवण्याची धडपड जुनी आहे. इटलीतील इट्रुस्कन लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्ट्यांनी कृत्रिम दात शेजारच्या दातांना जखडले होते. फ्रान्सचे पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वरची आणि खालची कवळी पोलादी स्प्रिंगांनी जोडून जागेवर दाबून ठेवण्याची रीत वर्णिली. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता, आणि जॉन ग्रीनवुड यांनी पाणघोड्याच्या दातापासून कोरलेल्या त्यांच्या कवळीत त्या एका दातासाठी भोक ठेवलेले होते. तोही दात १७९६ पर्यंत गेला. एकट्या दातावर अख्ख्या कवळीचा भार टाकला की काय होते हे समजण्यासाठी आजच्या तंत्रज्ञाला इतक्या लांब जावे लागत नाही, पण त्या भोकाची आठवण काम करताना राहावी इतकी ती बोलकी आहे.

हूक धरतो खरा, परंतु कवळी पेलण्याचे काम त्याचे नाही, हा मुद्दा व्यवहारात सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. कवळी चावण्याच्या दाबाने हिरडीत खाली जाऊ नये म्हणून आधार देणाऱ्या दाताच्या चावण्याच्या पृष्ठभागावर उथळ बशीसारखी जागा कोरून तिच्यात धातूचा छोटा टेकू बसवायचा असतो, ज्याला रेस्ट म्हणतात. आणि हुकाचे टोक फुगवटा ओलांडताना दाताला ज्या दिशेने ढकलते त्याच्या विरुद्ध बाजूने दाताला पाठीशी धरणारा दुसरा, न वाकणारा बाहू असायचा असतो. टेकू नसेल तर कवळी महिन्यागणिक हिरडीत रुतत जाते, तिच्याबरोबर हूकही खाली सरकतो आणि शेवटी हिरडीची कडच खरवडू लागतो. पाठीचा बाहू नसेल तर कवळी घालताना आणि काढताना, म्हणजे दिवसातून निदान दोन-चार वेळा, दात एकाच बाजूला ढकलला जातो. कुंपणाचा खांब दररोज थोडा थोडा हलवला की तो जसा एके दिवशी मातीसकट उपटून येतो, तसाच हा दातही. स्वस्त पडते म्हणून आपल्याकडे सर्वाधिक बनते ती ॲक्रिलिक या प्लास्टिकची, दोन वाकवलेल्या तारांची कवळी. तिच्यात टेकू क्वचितच असतो. कमी पैशांत जेवता यावे ही गरज खरी आहे आणि या कवळीने असंख्य लोकांची ती भागवली आहे. तरीही तिला टेकू देणे अशक्य नसते, तार वाकवूनही तो देता येतो, फक्त त्यासाठी दंतवैद्याने माप घेण्यापूर्वी दातावर जागा कोरलेली असावी लागते. ती कोरलेली नसते, आणि चिठ्ठीवर ‘दोन क्लॅस्प’ एवढेच लिहिलेले असते.

सर्वांत अवघड रचना कोणती हे जबड्यातल्या मोकळ्या जागा पाहताच कळते. न्यूयॉर्कचे दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांनी १९२५ मध्ये या जागांची चार वर्गांत विभागणी केली, आणि तिच्यातला पहिला वर्ग म्हणजे दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेलेल्या आणि पुढचेच दात उरलेले तोंड. इथे कवळीला पुढे दाताचा आधार मिळतो, मागे फक्त हिरडीचा. दात हाडात घट्ट असतो, हिरडी मात्र दाबली की अनेक पटींनी दबते, त्यामुळे प्रत्येक घासागणिक कवळीची मागची बाजू खाली जाते आणि पुढचा हूक तरफेसारखा दाताला मागे उपटू पाहतो. यावर उपाय म्हणून दंतवैद्य क्रॅटोचव्हिल यांनी १९६३ मध्ये टेकू दाताच्या पुढच्या कडेवर नेण्याचा आणि हिरडीकडून वर येणारा उभा, सडपातळ बाहू वापरण्याचा विचार मांडला, जेणेकरून कवळी मागे दबली की हुकाचे टोक दातापासून सुटून पोकळीत उतरावे. हूक जिथे मुद्दाम सोडून देतो अशी ही रचना, आणि तीच दाताला वाचवते.

तंत्रज्ञाच्या कामातली एक खंत अशी, की त्याला तोंड दिसत नाही. १९४८च्या दंतवैद्य कायद्याने ‘डेंटल मेकॅनिक’ म्हणून त्याच्या नोंदणीची तरतूद केली, पण रुग्णाला पाहण्याचा, माप घेण्याचा अधिकार दंतवैद्याचा. तंत्रज्ञाकडे येते ते तालुक्याच्या गावाहून बसच्या पार्सलने आलेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले मॉडेल. दात हलतो आहे की घट्ट आहे, हिरडी सुजलेली आहे की निरोगी, माणूस सुपारी खातो की नाही, हे प्लास्टर सांगत नाही. अल्जिनेट या लगद्यात घेतलेले माप ओल्या कापडाविना थोडा वेळ जरी पडून राहिले तरी त्यातले पाणी उडून ते आक्रसते आणि त्यावर ओतलेले मॉडेल दिसायला निर्दोष पण मापाला खोटे येते. त्यावर कितीही जीव ओतून वाकवलेला हूक तोंडात बसत नाही, आणि कवळी परत येते तेव्हा तिच्याबरोबर येणाऱ्या फोनमध्ये दोष हुकालाच दिलेला असतो. जिथे दंतवैद्य मॉडेलवर पेन्सिलीने हुकाची रेषा स्वतः काढून पाठवतात, किंवा हलणाऱ्या दातावर फुली मारून ‘याला धरू नका’ असे लिहितात, तिथले काम वेगळ्याच तऱ्हेने जमते.

दात सरळ केल्यानंतरच्या रिटेनरकडे वळले की प्रश्न उलटा होतो : इथे दातांना कवळी धरून राहत नाही, पट्टीच दातांना धरते. चार्ल्स हॉली यांनी १९१९ मध्ये मांडलेली, टाळूवर पट्टी, पुढच्या दातांवरून जाणारी कमानदार तार आणि दाढांना हूक अशी रचना आजही बनते. तिच्या दाढांवर बहुधा फिलिप ॲडम्स यांचा १९५०च्या सुमाराचा हूक असतो, ज्याच्या बाणाच्या टोकासारख्या दोन घड्या दाढेच्या पुढच्या व मागच्या कोपऱ्यातल्या अंडरकटमध्ये शिरतात. दात हाडात थेट रुतलेला नसून तंतूंनी टांगलेला असतो आणि त्याला सरकवले की हिरडीतले तंतू ताणले जातात. हाड काही महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेते, पण हिरडीतले तंतू कुत्र्यांवरील प्रयोगात २३२ दिवसांनंतरही ताणलेलेच आढळले, असे नॉर्वेचे रायटान यांनी १९५९ मध्ये दाखवले. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात उपचार झालेल्यांची रिटेनर सोडल्यानंतर दहा वर्षांनी तपासणी झाली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांच्या खालच्या पुढच्या दातांत पुन्हा दाटी झालेली होती. घरोघरी मात्र ही पट्टी उपचारानंतरची किरकोळ बाब समजली जाते. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कागदी रुमालात गुंडाळलेली पट्टी ताटाबरोबर कचऱ्यात जाते, नवी करायला दोन महिने उशीर होतो, आणि तेवढ्यात दात इतके सरकलेले असतात की जुन्या मॉडेलवर बनवलेली पट्टी बसत नाही. अशा वेळी पालक तंत्रज्ञाला पट्टी थोडी ‘दाबून’ घट्ट करायला सांगतात. ते करता येते, पण मग तो रिटेनर राहत नाही, दात ढकलणारे साधन होते, आणि ढकलण्याचा निर्णय दंतवैद्याचा असतो.

हुकाची खरी कसोटी पाहायची असेल तर ती टाळू गमावलेल्या माणसाच्या तोंडात पाहावी. २०२१च्या उन्हाळ्यात कोरोनातून वाचलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घ्यावी लागलेल्या असंख्य रुग्णांना म्युकरमायकोसिस या बुरशीने गाठले. महाराष्ट्र आणि गुजरातेत त्याचे रुग्ण सर्वाधिक होते, आणि अनेकांच्या वरच्या जबड्याचा अर्धा भाग काढून टाकावा लागला. टाळूला पडलेले भगदाड बुजवणाऱ्या कवळीला ऑब्ट्युरेटर म्हणतात. सर्व दात गेलेल्या माणसाची वरची कवळी लाळेच्या पातळ थराने आणि टाळूशी हवा शिरू न देता धरून राहते, पण इथे टाळूच नाकात उघडलेला असल्याने हवा रोखणे शक्य नसते. भगदाडात शिरणारा गोळा जड, एका बाजूला काहीच आधार नाही, आणि सगळा भार उरलेल्या बाजूच्या तीन-चार दातांवर. म्हणून तो गोळा आतून पोकळ करून हलका केला जातो, उरलेल्या जवळजवळ प्रत्येक दाताला टेकू आणि हूक दिला जातो, आणि एरवी पाव मिलिमीटरवर थांबणाऱ्या तंत्रज्ञाला प्रत्येक दाताचा स्वतंत्र विचार करावा लागतो. तंबाखू व सुपारीने झालेल्या कर्करोगाच्या रुग्णांत याहून एक अडचण जास्त असते : सुपारीमुळे गालाच्या आत तंतूंचे कठीण पट्टे तयार होऊन तोंड दोन बोटेही उघडत नाही, मापाचा साचाच आत जात नाही, आणि कवळी दोन तुकड्यांत बनवून तोंडात जोडावी लागते.

ऑब्ट्युरेटर बसला की नाही हे पेलाभर पाण्याने आणि एका शब्दाने कळते. टाळू उघडा असलेल्या माणसाचा ब नाकात शिरून म होतो. तो ‘बाबा’ म्हणू पाहतो आणि ‘मामा’ ऐकू येते. ऑब्ट्युरेटर जागेवर बसला, हुकांनी दात पकडले, की तोच शब्द एकाएकी स्पष्ट उमटतो, आणि पाण्याचा घोट नाकातून न येता घशाखाली जातो. दंतवैद्याच्या खुर्चीजवळ उभे राहण्याची संधी तंत्रज्ञाला क्वचित मिळते, पण ती जेव्हा मिळावी असे वाटते तेव्हा ती या शब्दासाठी.

रुग्णाच्या हातात पडल्यावर हुकाचे आयुष्य त्याच्या सवयींवर ठरते. कवळी बोटांनी दाबून बसवण्याऐवजी दातांत धरून चावून बसवण्याची सवय बहुतेकांना लागते, आणि तिरपा चावा हुकाचे वळण उघडतो. काढताना तारेच्या टोकाला नख घालून ओढले की तेच होते. सैल झालेली तार घरीच चिमट्याने आवळणारे अनेक असतात, आणि आवळलेली तार दाताला सतत दाबत राहते. कवळी धुताना बेसिनमध्ये थोडे पाणी भरून ठेवले तर हातातून सुटलेली कवळी तुटत नाही, रात्री ती काढून पाण्याच्या डबीत ठेवली तर हिरडीला विसावा मिळतो, आणि हुकाच्या आतल्या बाजूला आणि आधाराच्या दातावर चिकटलेले अन्न रोज ब्रशने काढले तर तो दात किडत नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही सर्वांत कमी पाळली जाते, कारण रुग्ण कवळी धुतो, दात धुवायचा विसरतो.

काही वर्षांनी तीच कवळी पुन्हा प्रयोगशाळेच्या बाकावर येते. या वेळी ती तोंडात ठेवूनच घेतलेल्या मापाबरोबर येते आणि मापात कवळीच्या हुकाशेजारी दाताचा ठसाच नसतो. ज्या दाताने आठ-दहा वर्षे ती धरली होती तो काढावा लागलेला असतो. तंत्रज्ञ जुनी तार ॲक्रिलिकमधून कापून काढतो, त्या रिकाम्या जागेत मेणावर एक कृत्रिम दात बसवतो, मॉडेल सर्व्हेयरच्या टेबलावर चढवून पुढच्या दाताभोवती कांडी फिरवतो, आणि ०.९ मिलिमीटरच्या तारेचा नवा तुकडा कापून त्याचे टोक गोल करायला घेतो.